गायीची साखर उतरली की माज का थांबतो? रक्तातली साखर आणि संप्रेरकं

वारणाकाठ

नमस्कार. आमच्या गोठ्यात आठ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आहेत. धारा, शेणघाण, वैरण, सगळं मी आणि सासूबाई बघतो. प्रश्न चंद्रीचा आहे. तिसरं वेत. व्याली तेव्हा अंगानं भरलेली होती, खरं तर जरा जास्तच. जार वेळेत पडली, चीक भरपूर निघाला, बाराव्या दिवशी दोन वेळचं मिळून 24 लिटरवर गेली. आणि मग तिनं खुराक सोडला. कडब्याची कुट्टी खायची, घास खायची, पण पेंड आणि मक्याचा भरडा पुढं ठेवला की हुंगून मान फिरवायची. आठवड्यात माकडहाड दिसायला लागलं. दूध 16 वर आलं. तोंडाला एक गोडसर, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास यायचा.

एकोणिसाव्या दिवशी डॉक्टर आले, रक्त काढलं. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे घरात ग्लुकोमीटर असतो. त्यांनी त्याच रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला 34. त्या हादरल्याच. म्हणाल्या, "माझी साखर साठच्या खाली गेली तर मी घामानं भिजते, हात थरथरतात. ही 34 वर उभी कशी?"

शिरेतून ग्लुकोज झालं, पाजायचं औषध झालं, पाच-सहा दिवसांत ती खायला लागली. दूध 20 वर स्थिर झालं. पण आज व्याल्याला 74 दिवस झाले आणि माज नाही. मधे एका जणाला बोलावून माजाचं इंजेक्शन दिलं, अकरा दिवसांनी परत दिलं. दोन्ही वेळा काहीच नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर एवढंच म्हणाले, "आधी तिचं पोट आणि रक्त भरू दे, मग माज येईल." मला ते खोटं वाटत नाही, पण कळतही नाही. साखर रक्तात, माज अंडाशयात. या दोघांचा संबंध काय?

निवृत्त पशुवैद्य

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंची भीती. गायीची साखर माणसाइतकी नसतेच. निरोगी गायीत ती साधारण 45 ते 75 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. आपल्याला 50 म्हणजे धोका, गायीला 50 म्हणजे ठीकठाक. पण 34 कमीच. कितनबाधेत, म्हणजे किटोसिसमध्ये, ती 20 ते 40 च्या दरम्यान सापडते. ग्लुकोमीटर माणसाच्या रक्तासाठी बेतलेला असतो, त्यामुळे गायीचा आकडा थोडा इकडेतिकडे धरा. चंद्रीची बाकीची लक्षणं मात्र त्या आकड्याला दुजोराच देतात. तो वास अ‍ॅसिटोनचा.

आता साखर का उतरली. गाय जे खाते त्यातली साखर आणि पिष्ट कोटीपोटातले, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू आधीच आंबवून टाकतात. गायीच्या वाट्याला येतात ती आम्लं: अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. तयार ग्लुकोज आतड्यातून फारच थोडं मिळतं. म्हणजे गायीला लागणारं जवळजवळ सगळं ग्लुकोज यकृतानं तयार करायचं, तेही मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून. आणि खर्च बघा. दुधातली साखर, लॅक्टोज, ग्लुकोजपासूनच बनते. एक लिटर दुधाला साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं. 24 लिटरला सुमारे 1,700 ग्रॅम, रोज. व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे दूध झपाट्यानं चढतं, भूक मात्र मागे रेंगाळते. तूट तिथे पडते.

खरी गोष्ट पुढे आहे. साखर उतरली की स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं. इन्सुलिन नसेल तर स्नायू आणि चरबी रक्तातली साखर फारशी उचलत नाहीत. पण कासेला इन्सुलिनची परवानगी लागत नाही, ती ग्लुकोज ओढतच राहते. निसर्गानं ही सोय वासरासाठी केली आहे. सोबत ग्लुकागॉन वाढतं आणि यकृताला साखर तयार करायला लावतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिसॉल, गरज तीव्र असेल तर अ‍ॅड्रिनलिनही. वाढीचं संप्रेरक चढतं आणि अंगावरची चरबी सुटते. ही चरबी यकृतात जाते, यकृताला ती सगळी पुरती जाळता येत नाही, म्हणून किटोन, म्हणजे अर्धवट जळालेल्या चरबीचे पदार्थ, तयार होतात. चंद्री व्याली तेव्हा जास्त अंगात होती म्हणालात, अशाच गायी पुढे खुराक टाकतात. शरीरस्थितीचा गुणांक 5 पैकी 3 ते 3.5 असावा, त्यापेक्षा जाड गाय व्याल्यावर जास्त कोसळते.

माजाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, धारेची वेळ झाली.

सह्याद्रीचा वारा

सर, आदर ठेवून सांगतो, मला हे साखरेचं कारण पूर्ण पटत नाही. आमच्याकडे दोन गायी अशाच माजावर येत नव्हत्या. खनिज मिश्रण चालू केलं, दीड महिन्यात दोन्ही आल्या. साखर कुणी मोजलीच नव्हती. आमच्या भागात ऊसतोड चालू झाली की तीन-चार महिने जनावरांना वाढ्यांशिवाय (उसाच्या शेंड्यांशिवाय) काही नसतं, तेव्हाच हे जास्त होतं.

निवृत्त पशुवैद्य

दादा, तुमचा अनुभव खराच आहे, मी तो खोडत नाही. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. फॉस्फरस, तांबं, जस्त कमी पडलं तरी माज बिघडतो. पण एक जोड लक्षात घ्या. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडता येत नाही, कारण इन्सुलिनच्या थैल्या पेशीतून बाहेर पडायला कॅल्शियमच लागतं. आतड्याची हालचाल मंदावते, गाय कमी खाते, मग साखर आणखी उतरते. दुग्धज्वर (व्याल्यावर कॅल्शियम एकदम उतरणं) झालेल्या गायीला पाठोपाठ कितनबाधा होताना मी कितीतरी वेळा पाहिलंय. शिवाय नुसती वाढी खाणाऱ्या गायीला ऊर्जाही कमीच मिळते. तुमच्या दोन गायींना खनिजं मिळाली आणि त्याच दीड महिन्यात त्यांचं दूध उताराला लागून खाणं सावरलं असेल, तर दोन्ही गोष्टींनी हात दिला.

आता माज. गायीच्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तिथून जीएनआरएच नावाचं संप्रेरक थेंबाथेंबानं, ठोके पडावेत तसं सुटतं. प्रत्येक ठोक्याला पिट्युटरी ग्रंथी एलएच या बीज पिकवून फोडणाऱ्या संप्रेरकाचा एक ठोका रक्तात सोडते. बीजपुटक, म्हणजे अंडाशयातली बीज असलेली पिशवी, शेवटपर्यंत वाढून फुटायचं असेल तर एलएचचे ठोके तासाला एखादा या गतीनं पडावे लागतात. ऊर्जेची तूट असलेल्या गायीत ते कितीतरी विरळ होतात. पुटक वाढायला लागतं, मध्येच थांबतं, जिरतं, दुसरं सुरू होतं, तेही जिरतं. इस्ट्रोजेन पुरेसं तयारच होत नाही आणि इस्ट्रोजेनशिवाय माज नाही. हात घालून बघितलं तर अंडाशय लहान, गुळगुळीत लागतं.

दुसरा घाव थेट अंडाशयावर. इन्सुलिन कमी झालं की यकृतावरचे वाढीच्या संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, कमी होतात. मग ते संप्रेरक रक्तात कितीही असलं तरी यकृत आयजीएफ-1 हे पुढचं संप्रेरक बनवत नाही. पुटकातल्या पेशींना एलएचला साद द्यायची तर हाच आयजीएफ-1 आणि इन्सुलिन लागतं. कॉर्नेल विद्यापीठातलं 2003 साली प्रसिद्ध झालेलं काम याच मुद्द्यावर आहे. नुकत्याच व्यालेल्या गायींना इन्सुलिन दिलं, पण सोबत ग्लुकोज सोडत राहून साखर पडू दिली नाही, तेव्हा यकृतातले ग्राहक परत आले आणि आयजीएफ-1 वाढलं. म्हणजे नुसतं वाढीचं संप्रेरक असून भागत नाही, यकृताला "घरात धान्य आहे" हा निरोप इन्सुलिनकडूनच लागतो.

वारणाकाठ

सर, तुम्ही लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. कासेला परवानगी लागत नाही हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती स्वतःचं हाड झिजवून दूध देत होती."

एक विचारते. तिची साखर तर महिन्यापूर्वीच सुधारली. मग माज अजून का नाही? आणि सासूबाईंना जो घाम फुटतो, थरथर होते, ते गायीत का दिसलं नाही?

शरीरशास्त्र शिकवते

मी पशुवैद्यक नाही, महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून लिहितेय.

सासूबाईंचा घाम आणि थरथर हे साखर उतरल्यावर शरीरानं वाजवलेल्या घंटेचे परिणाम. ही घंटा पहिल्यांदा स्पष्ट दिसली ती मांजरांमध्ये. इन्सुलिनचा शोध 1921 चा. तीनच वर्षांनी, 1924 साली, हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या हृदयाकडे जाणाऱ्या नसा तोडल्या. म्हणजे मेंदू हृदयाला थेट हुकूम देऊ शकणार नाही, रक्तातून काही आलं तरच ते धावेल. मग इन्सुलिन टोचलं. साखर एका पातळीखाली गेली आणि ते एकटं पडलेलं हृदय धावायला लागलं. ग्लुकोज दिलं, शांत झालं. अ‍ॅड्रिनलचा आधार काढून घेतलेल्या मांजरांत ते असं धावेना. साखर उतरणं हाच अ‍ॅड्रिनलिन सोडायचा इशारा आहे, हे त्या हृदयानं दाखवून दिलं. ही मांडणी मला आजही थक्क करते. रक्तातलं अ‍ॅड्रिनलिन नेमकं मोजायची सोय नसताना त्यांनी मांजराच्या हृदयालाच मोजमाप बनवलं.

चंद्रीत ही घंटा मोठ्यानं वाजली नाही, कारण तिची साखर इन्सुलिनच्या इंजेक्शनसारखी अर्ध्या तासात कोसळली नाही, दिवसांमागून दिवस हळूहळू उतरली. शिवाय तिच्या मेंदूला किटोनचा थोडाफार आधार मिळत होता. उंदीर आणि कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की साखर वारंवार उतरत राहिली तर पुढच्या वेळी ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रिनलिनचा प्रतिसादच बोथट होतो. मधुमेहाच्या रुग्णांतही तसंच होतं. सासूबाईंची साखर अधूनमधून साठच्या खाली जात असेल तर त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला, हे मी काळजीनं सांगतेय. पुढे कधी घाम न येताच साखर उतरू शकते.

आता मेंदूकडे. साखर उतरल्याचं माजाच्या केंद्राला कळवतं कोण? मेंढ्यांमध्ये इन्सुलिननं साखर उतरवली की एलएचचे ठोके थांबतात. पण त्या वेळी बाहेरून जीएनआरएच दिलं तर पिट्युटरी एलएच सोडते. म्हणजे पिट्युटरी शाबूत आहे, ब्रेक वर मेंदूत लागलाय. उंदरांत याचा माग आणखी खोल गेला. 2-डीऑक्सिग्लुकोज हे दिसायला ग्लुकोजसारखं, पण पेशींना ते जाळता येत नाही. ते मेंदूच्या चौथ्या पोकळीत अगदी थोडं सोडलं तरी एलएच दबतं. रक्तात साखर असूनही! मेंदू रक्तातला आकडा वाचत नाही, पेशीला प्रत्यक्ष जाळायला मिळतं का ते बघतो.

आणि ही चौथी पोकळी म्हणजे तीच जागा, जिच्या तळाला 1849 साली क्लोद बर्नार यांनी सशात सुई टोचली होती आणि सशाच्या लघवीत साखर उतरली होती. साखरेचा पहारा मेंदूच्या मागच्या भागात आहे याची चाहूल तेव्हाच लागली होती. तिथून निरोप हायपोथॅलॅमसकडे जातो, ताणाचं केंद्र जागं होतं, आणि जीएनआरएचला हलवणाऱ्या किसपेप्टिनच्या पेशी मंदावतात. किसपेप्टिनचं प्रजननातलं काम 2003 साली उलगडलं. त्याचं जनुक त्याआधीच पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात सापडलं होतं, नावही तिथल्या चॉकलेटवरून पडलं.

पाळीव दोस्त

कुत्र्यांचं कुणी काही सांगेल का? आमचं पॉमेरेनियन पिल्लू अडीच महिन्यांचं असताना सकाळी लटपटत होतं, डोळे थिजलेले. डॉक्टरांनी फोनवरच मध हिरड्यांना चोळायला सांगितला आणि लगेच दवाखान्यात आणायला सांगितलं. वाचलं. कारण "साखर उतरली" एवढंच कळलं.

शरीरशास्त्र शिकवते

लहान जातींच्या पिल्लांत हे होतं. यकृतात ग्लायकोजेनचा साठा थोडा, स्नायू कमी, आणि शरीर लहान असल्यानं उष्णता टिकवायला खर्च जास्त. ग्लुकागॉन वाढतं, अ‍ॅड्रिनलिन वाढतं, पण गोदामच रिकामं असेल तर हुकूम देऊन काय निघणार? एक रात्र उपाशी गेली की पुरे होतं.

एक इशारा सगळ्या कुत्रेवाल्यांसाठी: झायलिटॉल घातलेला च्युइंगगम, बिनसाखरेच्या मिठाया कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. माणसात झायलिटॉलनं इन्सुलिन फारसं हलत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजून इन्सुलिनचा लोंढा सोडतं आणि अर्ध्या-एक तासात साखर कोसळू शकते.

प्राण्याप्राण्यांत फरक असतो तो असा. माणसात साखर उतरली की वाढीचं संप्रेरक चढतं, उंदरात उलट ते दबतं. कोंबडीची साखर नेहमीच 200 च्या वर, आणि पक्ष्यांत इन्सुलिनपेक्षा ग्लुकागॉनचा शब्द मोठा. एका प्राण्यावरचा निष्कर्ष दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नये. म्हणूनच या धाग्यात मी मेंढीचं मेंढीचं आणि उंदराचं उंदराचं वेगळं सांगतेय.

उस्मानाबादी कळप

शेळ्यांचंही लिहा कुणीतरी. उस्मानाबादी शेळी जुळी देते याचं आपल्याला कौतुक, पण त्यातच हा धोका आहे. मागच्या थंडीत माझी एक शेळी व्यायला वीस दिवस असताना कळपाच्या मागे पडायला लागली. कोपऱ्यात तोंड करून उभी, दात खायची, समोरचा माणूस दिसत नसल्यासारखी. मला वाटलं पोटदुखी. दोन दिवस घरचे उपाय केले. तिसऱ्या दिवशी बसली ती उठलीच नाही. पोटात तीन करडं निघाली. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

निवृत्त पशुवैद्य

वाईट वाटलं वाचून. ही गाभणपणातली विषबाधा, कितनबाधेचीच बहीण. गायीत व्याल्यानंतर कास साखर ओढते, शेळीत आणि मेंढीत व्यायच्या आधी पोटातली करडं ओढतात. शेवटच्या दीड महिन्यात करडांची वाढ सर्वांत जास्त आणि नेमकं तेव्हाच गर्भाशय कोटीपोटावर दाबून बसतं, म्हणून शेळीला एका वेळी फार खाता येत नाही. गाभणपणाच्या अखेरीस शरीर इन्सुलिनला दाद कमी देतं, म्हणजे चरबी सुटायला वाट मोकळीच. त्या महिन्यात खुराक वाढवा, दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा द्या, लांब चरायला नेऊ नका, आणि एक वेळही उपाशी राहू देऊ नका. मागे पडलेली शेळी म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर.

ताई, तुमचा राहिलेला प्रश्न. साखर सुधारली तरी माज का नाही? बीजपुटक एका रात्रीत पिकत नाही. अगदी छोट्या अवस्थेपासून फुटण्यापर्यंत त्याला दोन-तीन महिने लागतात. आज चंद्रीच्या अंडाशयात जी पुटकं वर यायची, त्यांची सुरुवात तिच्या सर्वांत वाईट दिवसांत झाली. काही संशोधक मानतात की त्या उपासमारीची खूण पुटकावर राहते. आणि साखर सुधारली म्हणजे तूट भरली असं नाही. दूध 20 वर आहे, अंग भरतंय का ते बघा. अंग भरायला लागलं की एलएचचे ठोके परततात.

कोल्हापूरकर काका

एवढं कशाला? आमचे वडील व्यालेल्या गाईला रोज किलोभर गूळ घालायचे. साखर कमी असेल तर गूळ द्या, संपला प्रश्न.

निवृत्त पशुवैद्य

काका, वडिलांच्या काळातली गाय चार-पाच लिटरची, वासराचं भागवून. तिची तूटच छोटी होती. गूळ रक्तात साखर म्हणून पोचत नाही, कोटीपोटातले जंतू तो आंबवतात. भरड्यावर मूठभर गुळाचं पाणी शिंपडून खुराकाची चव वाढवली तर हरकत नाही, गाय खाते. पण आधीच न खाणाऱ्या गायीला एकदम किलो-दीड किलो गूळ घातला तर कोटीपोट आंबट पडतं, रवंथ थांबते आणि तूट वाढते. अशा गायी मी गुडघ्यावर बसलेल्या पाहिल्यात.

कितनबाधेत तोंडावाटे काम करतं ते प्रोपिलीन ग्लायकॉल. त्याचा बराच भाग जंतूंच्या तावडीतून सुटून यकृतात जातो, तिथं त्याचं ग्लुकोज होतं, इन्सुलिनही चढतं. दिवसाला साधारण 300 मिली, तीन ते पाच दिवस, तेही डॉक्टरांना विचारून. पाजताना मान फार उंच करू नका, जीभ ओढू नका, ठसका लागला तर लगेच सोडा. औषध फुप्फुसात गेलं तर गाय हातची जाते. शिरेतलं ग्लुकोज जीव वाचवतं, पण दोन-तीन तासांत परिणाम ओसरतो, म्हणून एका बाटलीवर विसंबू नये.

वारणाकाठ

आता इंजेक्शनबद्दल स्पष्ट सांगा सर. दोनदा पैसे गेले त्यापेक्षा तिला उगाच टोचलं याचं वाईट वाटतंय.

निवृत्त पशुवैद्य

कोणतं दिलं ते बाटली बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. अकरा दिवसांचं अंतर बघता बहुधा प्रोस्टाग्लँडिन असावं. ते काम करतं पीतपिंडावर. पीतपिंड तयार होतो बीज सुटल्यावर. ज्या गायीत बीज सुटलेलंच नाही तिच्यात पीतपिंड नाही, मग इंजेक्शननं विरघळवायचं काय? म्हणून आधी तपासणी, शक्य असेल तर सोनोग्राफी. गुळगुळीत अंडाशयाच्या गायीला प्रोजेस्टेरॉनचं साधन आणि जीएनआरएच यांचा वेगळा क्रम असतो, पण तोही अंग भरत असलेल्या गायीत जास्त लागू पडतो. पिट्युटरी जीएनआरएचला साद देईल, पुढे पुटकाला इन्सुलिन आणि आयजीएफ-1 नसेल तर तेवढ्यावर भागत नाही.

शरीरशास्त्र शिकवते

या जीएनआरएचची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते शोधायला रोजे गिमां यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे मेंदू लाखोंनी गोळा केले, इतकं ते अल्प असतं. 1977 चं वैद्यकाचं नोबेल या दोघांना आणि रोझलिन यॅलो यांना मिळून मिळालं. यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या पद्धतीनं रक्तातलं इन्सुलिन पहिल्यांदा नेमकं मोजता आलं. इथं जे "इन्सुलिन उतरतं, एलएचचे ठोके विरळ होतात" असं आपण सहज लिहितोय, ते त्या मोजमापावर उभं आहे.

वारणाकाठ

आठ आठवड्यांनी लिहितेय. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. दोन्ही अंडाशयं छोटी, पीतपिंड नाही, म्हणजे सरांचा अंदाज बरोबर निघाला. कुठलंही इंजेक्शन दिलं नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढी बंद करून मका मुरघास चालू केला, लसूणघास वाढवला, खुराक दोन वेळच्या ऐवजी चार वेळा विभागला. रात्री नऊचा खुराक सासूबाई घालतात. सह्याद्रीच्या वाऱ्यांचं ऐकून खनिज मिश्रणही रोज न चुकता. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंचे खड्डे थोडे भरले. सासूबाईंनी डॉक्टरांकडून परत एक थेंब मागून घेतला. 52.

व्याल्यापासून एकशे तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला धारेला गेले तर चंद्री उभी, कान टवकारलेले, शेजारच्या गायीच्या पाठीवर हनुवटी ठेवलेली. शेपटीला काचेसारखा स्वच्छ सोट. सासूबाईंना हाक मारली, त्या पदर खोचत धावत आल्या. पहिला माज म्हणून डॉक्टरांनी तो सोडायला सांगितला, एकविसाव्या दिवसावर नजर ठेवायला सांगितली. बाविसाव्या दिवशी परत आली. संध्याकाळी रेतन झालं.

सासूबाईंच्या डॉक्टरांना त्यांची साखर उतरते ते सांगितलं. त्यांनी रात्रीची गोळी बदलली.

निवृत्त पशुवैद्य

छान. आता भाकड गायी कोणत्या आहेत तेही बघा. व्यायला दोन महिने असताना जी जाड दिसतेय तिच्याकडे आत्ताच लक्ष द्या. भाकडकाळात एकदम उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका, त्यानं उलट चरबी सुटते. कोरडी वैरण भरपूर, खुराक बेतानं. शेवटचे तीन आठवडे खुराक हळूहळू वाढवत न्या, म्हणजे कोटीपोटातले जंतू तयार होतात. व्याल्यावर पाचव्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत दोन-तीनदा किटोनची पट्टी लावा. माणसांसाठीचं किटोन मोजायचं यंत्र गायीच्या रक्तावर चांगलं चालतं. बीएचबी, म्हणजे रक्तातला मुख्य किटोन, 1.2 मिलिमोलच्या वर आलं की गाय खात असली तरी आतून घसरायला लागली असं समजा आणि डॉक्टरांना बोलवा. यंत्र नसेल तर लघवीची रोथेराची चाचणी करून घ्या, जांभळा रंग आला की कळतं.

वारणाकाठ

गंगी आहे तशी. भाकड, दीड महिना राहिलाय, पाठीवर बोट रुतत नाही इतकी भरलेली. आजपासून तिचा भरडा निम्मा केला आणि कडबा वाढवला. किटोनच्या पट्ट्या तालुक्याला मिळाल्या, दहा आणून ठेवल्यात. चंद्रीला रेतन करून आज चोविसावा दिवस, उलटलेली नाही, म्हणजे परत माजावर आलेली नाही. दोन महिने झाले की डॉक्टर तपासतील, तेव्हा इथं कळवते.